फरकाचा रकाना

सहा वर्षांच्या वहीत माझे तीन रकाने:
सराव, खरी, फरक.
कॅनडा कॉर्नरला, झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना चढून
दर रविवारी सकाळी सात वाजता
मी पेपर वाटतो, तीन तास पंख्याखाली फेऱ्या घालतो,
संध्याकाळी आकडे भरतो, निळ्या पेनानं.

गोदेला पूर आला की लोक दुतोंड्या मारुतीकडे बघतात,
पाणी कुठवर आलंय ते.
तसे एप्रिलमध्ये पालक माझ्या वहीकडे.
"सर, खऱ्या सीईटीत किती पडतील?"
मी शेवटच्या तीन चाचण्यांची सरासरी काढतो,
त्यातून दोन वजा.
दोन कशाचे, तर आडगावच्या केंद्राचे,
दारात अंगठा घेणाऱ्या यंत्राचे,
शेजारच्या मुलाच्या खाडखाड माऊसचे,
आणि आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लागल्याचे.
वही सहसा चुकत नाही.
त्या दोन वजावर माझी क्लासमधली पत.

ज्ञानदा बोरस्तेचे वडील आले
मोहाडीहून, मोटरसायकलवर,
शर्टाच्या खिशात ब्रिक्स बघायची नळी.
निर्यातवाल्या कंपनीसाठी ते बागा तपासतात.
मी आकडे दाखवले: एक्क्याण्णव, नव्वद, त्र्याण्णव.
म्हणालो, एकोणनव्वद धरून चाला.

ते खूश झाले नाहीत. वही स्वतःकडे फिरवली,
मागची पानं उलटत गेले, नाव न् नाव,
आणि एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.
"हिचं काय झालं?"
"कळवायला आली नाही."
"हा?"
"तोही नाही."
"मग बाकीचे?"
"ते पेढे घेऊन आले."

नळी त्यांनी टेबलावर काढून ठेवली.
"आमच्याकडं नवा पोरगा घडाच्या खांद्याचे मणी तोडतो,
उन्हातले, हाताला येणारे.
पिळतो, काचेतून बघतो, अठरा सांगतो.
कंटेनर जातो. तिकडं उघडला की
आंबट.
शेंड्याचा मणी घ्यावा लागतो, सर.
पानाआडचा पण."

चहा नको म्हणाले. खाली गाडीला किक बसली.

मी मोजलं. दोनशे चाळीस नावं,
नव्वदच्या वर चौकटी कोऱ्या.
म्हणजे माझे दोन वजा
पेढेवाल्यांचे होते.

जूनमध्ये निकालाच्याच संध्याकाळी फोन आला.
"बोरस्ते बोलतोय. लिहून घ्या,
ब्याऐंशी पॉइंट सहा."
मागे कुणीतरी भांडी घासत होतं, जरा जास्तच जोरात.
मी काहीतरी बोलायला गेलो.
"आधी लिहा," म्हणाले.

रात्री वहीतले जुने नंबर लावायला घेतले.
बरेच बंद. एक आता कुणा प्लंबरचा.
एकानं नाव ऐकून ठेवून दिला.
नववा लागला: हेमांगी खैरनार, दोन हजार एकोणीस.
पलीकडे शिलाई मशीनची घरघर.
"सर? तुम्ही? आत्ता?"
म्हटलं, एक आकडा राहिलाय तुझा.

मशीन थांबलं.
मग तिनं सांगितला,
दशांशानंतरच्या सातही अंकांसकट,
जराही न आठवता.