दोनदा पडलेलं मीठ

काल संध्याकाळी पीठ मळताना
तांगीनं मीठ दोनदा घातलं:
एकदा लक्ष देऊन,
एकदा मोबाइलमधल्या कुणाकडे तरी बघत.
त्यात आमच्या ब्रेतान्यचं लोणी मुळातच खारं.
या बंदरात कुणी बिनमिठाचं लोणी मागितलं
तर सुटे पैसे मोजता मोजता मी विचारते,
पाहुणे का?

पहाटे पाचला पहिला पत्रा भट्टीबाहेर आला.
रंग नेहमीचा, फुगले जरा कमी.
ग्वेनाएलनं एक टोक मोडलं, चावलं,
आणि थांबला,
जिन्यात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसा.
ओरडला नाही. तेच वाईट.
"एकशे वीस," एवढंच म्हणाला.
तांगीचे कान भट्टीच्या दारासारखे लाल.

कुरवांना टाकायची म्हणून टोपली उचललीही होती.
पण साडेसहा वाजले. दार मी उघडते.
दाराशी जोब केर्द्राओं.

चाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनापाशी काढलेला जोब.
आता रक्तदाब, आणि डॉक्टरबाईंची चिठ्ठी,
म्हणून रोज माझ्याकडून अर्धा अळणी पाव नेतो,
त्याच्याकडे न बघता, औषधासारखा.
आज त्यानं नाक वर केलं.
"काय बिघडलंय?"
"मीठ जास्त झालंय," मी म्हणाले.
"मग बिघडलं कुठं?"

खिडकीपाशी दोन उंच स्टुलं आहेत. एकावर चढून बसला.
क्रोसाँ आधी नुसता दाबून पाहिला.
कुरकुर झाली,
ओहोटीनंतर वाळलेल्या शेवाळावर चालल्यासारखी.
मग मधोमध मोडला,
तसे पदर सुटत गेले, एकाखाली एक,
आत पोळ्यासारखी जाळी, ओलसर, पिवळी,
वाफ अजून धरून बसलेली.
लोणी ओघळून त्याच्या नखांपर्यंत गेलं,
जिथलं ग्रीस चाळीस वर्षांत कुठल्याच साबणानं निघालं नव्हतं.
पहिल्या घासाला माणसं डोळे मिटतात.
त्यानं उघडले.
मी न विचारता कॉफीचा वाडगा ठेवला
आणि बशीच्या कडेला दोन लाल मुळे, पाल्यासकट.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. डॉक्टर केरे.
त्याच. चिठ्ठीवाल्या.

दुकानात अशी शांतता की
आतल्या फ्रिजची घरघर ऐकू आली.
जोबनं चावणं थांबवलं नाही, फक्त सावकाश केलं.
बाई त्याच्या ओठाला चिकटलेल्या पापुद्र्याकडे बघत राहिल्या.
मग मला म्हणाल्या, "एक."
"कागदात?"
"इथंच."
दुसऱ्या स्टुलावर बसल्या, बॅग मांडीवर,
टोक मोडून खाल्लं. एक भुवई वर गेली
आणि बराच वेळ खाली आलीच नाही.
मग जोबच्या बशीतला उरलेला अर्धा
त्यांनी सरळ आपल्या बशीत घेतला,
आणि त्याचा एक मुळासुद्धा.
हा वैद्यकीय सल्ला होता की चोरी,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
जोब काही बोलला नाही.
उरलेले कण बोटाच्या ओल्या टोकानं टिपत राहिला,
एकेक, बशी कोरडी होईपर्यंत.

आठच्या आत एकशे वीस संपले.
सार्डिनच्या कारखान्यातल्या बायका डझनानं घेऊन गेल्या.
त्यातली एक, सोआझिग, अर्ध्या वाटेतून परत आली,
हनुवटीला लोणी तसंच,
"उद्याही हेच ना?"
तांगीनं वही काढली, पेन्सिल कानावरून काढली,
आणि किती घातलं होतं ते त्याला आठवेना.

आज मीठ बेताचं. वजन करून, दोघांच्या साक्षीनं.
फुगलेतही छान, चित्रातल्यासारखे.
जोबनं एक मागितला, एकच घास घेतला,
बशी माझ्याकडे सरकवली.
"अळणी," म्हणाला.
आपला रोजचा पाव काखेत मारला
आणि धक्क्याकडे निघाला.
स्वेटरवरच्या कालच्या पापुद्र्यांसाठी
एक कुरव त्याच्या मागं मागं, पायी.