बोटभर जागा

चार मुलं, अर्धगोल टेबल, वीस मिनिटं.
बाकीची चौदा मागे चित्रं रंगवतायत, म्हणजे भांडतायत.
टेबलाखाली आठ लोकरी मोजे,
त्यांतले दोन एकमेकांचे कुणीच नव्हेत.

फळ्यावर आजचं उद्दिष्ट :
दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडणे.
उद्दिष्ट लहान असावं, मोजता यावं,
असं आम्हाला शिकवलंय.

क्लाक्सविकमध्ये सकाळचे दहा, तरी दिवे चालूच.
धुकं शाळेच्या पायरीपर्यंत येऊन थांबलेलं,
आत यावं की नाही न कळणाऱ्या पालकासारखं.

सुन्नीवा बोट ठेवते, शब्द लिहिते, बोट ठेवते,
मग बोटाभोवतीच पेन्सिल फिरवत बसते.
वाक्य राहिलं बाजूला. वहीत पाच बोटं, नखांसकट.

मालिगायाला भलतंच काही हवं असतं.
'हवामान' लिहिताना मधे एक अक्षर येतं,
मानेत आडवी काडी अडकलेलं.
ते लिहायचं आणि म्हणायचं नाही. का?
तिची आई सेबूहून इथे आली, मासळीच्या कारखान्यात असते,
त्यांच्या घरच्या भाषेत जे लिहितात ते बोलतातसुद्धा.
मी म्हणाले, तसंच असतं ते.
(बारा वर्षं शिकवून हे उत्तर.)
रान्वा मान वर न करता म्हणाली,
आमच्या आजोबांसारखं.
बोलत काही नाहीत, पण ती खुर्ची त्यांचीच.
मालिगायाला पटलं. तिने अक्षर काढलं,
काडी जरा जास्तच जाड केली.

आणि त्रोंडुर.
'बाबा' वहीच्या डाव्या कडेला,
'घरी येतो' पार उजवीकडे,
मधे सगळं कोरं. चार बोटं मावतील. माझी.
त्याची सहा.
म्हटलं, एवढी नको रे, एकच बोट.
त्याने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं,
खोडरबर उचललं,
तेवढ्यात घंटा झाली.

रात्री घरी तक्ता भरायला बसले.
काय साधलं. काय राहिलं.
त्रोंडुरचा बाप पाच आठवडे बॅरेंट्स समुद्रात,
हे गावात कुणाला माहीत नाही?
आणि माझ्या अंगावर काटा आला.
पोराने समुद्र मोजला होता वहीवर
आणि मी म्हणाले, बोटभर ठेव.
चहा गार झाला. मी लिहीत गेले,
चौकट संपली, मागच्या पानावर गेले.
चांगलं उतरलं होतं, खोटं कशाला बोलू.
नवऱ्याला वाचून दाखवलं.
तो काडीवाल्या अक्षरासारखा बसून राहिला.

सकाळी त्याच्या बाकापाशी गुडघ्यांवर बसले,
आवाज शक्य तितका मऊ करून विचारलं,
ती मोठी जागा, काल, कशासाठी होती?

तिथे दूध सांडलं होतं, तो म्हणाला.
लिहिलं असतं तर फाटलं असतं.

दूध.
त्याने जागा दाखवली : वाळून उठलेला कागद,
थोडा पिवळट, थोडा आंबूस.
बोट फिरवून त्याने तो आधीच तपासला होता,
किती सोसेल ते बघून पलीकडे गेला होता.
हे माझ्या उद्दिष्टात बसत नव्हतं.
माझ्या त्या सुंदर परिच्छेदातही नाही.
दिवसा मी त्याला ती जागा पुसायला सांगितली,
रात्री स्वतःच भरून टाकली,
आणि दोन्ही वेळा तो तिथे होता, विचारण्याजोगा.

तक्त्यावर काट मारली.
'काय राहिलं' समोर एक शब्द : विचारणं.

गुरुवारी बोट बंदराला लागली.
शुक्रवारी त्रोंडुरच्या वहीत

बाबाआलाआणिझोपलाय

एकही बोट नाही मधे.
विचारलं.
म्हणाला, घाई होती.