बुजगावण्याचा रकाना

नवा अभ्यासक्रम आला तेव्हा
किटुईत आमचं चार दिवस प्रशिक्षण झालं.
चहा, मांडाझी, आणि पडद्यावर एक वाक्य:
मुलाला काय पाठ आहे ते विचारू नका,
त्याला काय करता येतं ते बघा.
मी ते वहीत उतरवलं. पाठ केलं.

मुटोमोची शाळा, इयत्ता चौथी, मुलं चौसष्ट.
प्रत्येकासमोर चार रकाने:
अपेक्षेच्या पुढे, अपेक्षेइतकं,
अपेक्षेजवळ, अपेक्षेखाली.
चौसष्ट गुणिले विषय गुणिले आठवडे.
मला गणित येतं, म्हणूनच झोप येत नाही.

या खेपेचा उपक्रम: बुजगावणं करा.
पालकांनी फोटो काढून, छापून पाठवावा.
किलोन्झोच्या दुकानात एक फोटो वीस शिलिंगांना पडतो.

सोमवारी एकावन्न फोटो आले.
सतरा फोटोंत बुजगावणं एकच.
डोक्यावर कधी पातेलं, कधी टोपली,
एकदा कुणाच्या आजोबांची चर्चची हॅट,
पण डावा हात तोच, कोपरापाशी मोडलेला.
कुणी केलं हे?
वर्ग चिडीचूप.
मग सिओम्बुआ उठली:
"भाड्यानं दिलं, मॅडम. पाच शिलिंग.
टोपी ज्याची त्यानं आणायची."

फसवणुकीला रकाना नाही.
सहकार्याला आहे, कल्पकतेला आहे,
हिशेबाला तर दोन आहेत.
मी लाल पेन उघडलं
आणि पुन्हा टोपण लावलं.

मुमोचा फोटो नव्हता. मुमोही नव्हता.
घरी जाताना मी वाट वाकडी केली.
ज्वारीत त्याचं बुजगावणं उभं होतं,
पोटातून दोरी, दोरीला डबे, डब्यांत खडे,
आणि दोरीचं दुसरं टोक
बांधावर बसलेल्या मुमोच्या पायाच्या अंगठ्याला.
पाखरांचा ढग आला, अंगठा हलला,
ढग वळून शेजारच्यांकडे गेला.
"नुसतं उभं करून भागत नाही," तो म्हणाला,
"तिसऱ्या दिवशी पाखरांना कळतं, आत कुणी नाही."

गुरुवारी जिल्ह्याचे साहेब आले, टॅबलेट घेऊन.
मुमो मुसेम्बी: पुरावा?
म्हटलं, कणसं भरली की या.
ते हसले नाहीत.
बोटानं काहीतरी लिहिलं.
ऊन काचेवर होतं,
काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही.