काळी बाटली

पहाटे सव्वापाचला बोडीवर धुकं नव्हतं,
नुसती शेवाळाची आंबूस वाफ.
फुलवंता मारबतेनं डोंगा ढकलला, म्हणाली,
"आज कितीक बाटल्या बुडोतेस, बाई?"

तीन.
एक आत्ताच तपासायची.
एक पांढरी, ती उन्हात श्वास घेईल, देईलही.
एक काळी, तिला फक्त घेणंच ठाऊक.
दोघी दिवसभर एका दोरीला, हातभर खोल,
आणि संध्याकाळी वजाबाकी:
पाणी किती पिकतं, किती खातं.

चंदेरी कागद कालच संपलेला.
फुलवंतानं जुन्या छत्रीचं कापड टरकन फाडून दिलं,
सुतळीनं आवळलं, गाठीवर गाठ,
आंधळ्या कोशिंबिरीत पोरीचे डोळे बांधावेत तसं.
"आता हिले काईच दिसनार नाई."

काळीपांढरी थाळी सोडली पाण्यात.
माघात सत्तर सेंटिमीटरपर्यंत दिसायची,
आज बत्तिसाला गेली.
वरच्या बांध्यांत उन्हाळी धान उभं आहे,
युरिया खाऊन उरलेलं पाणी
रात्रीचं इकडेच उतरतं, कुणाला न सांगता.

काठावर मोहाखाली मांडामांड.
पाण्याला आधी कोऱ्या चहाचा रंग,
मग पिष्टाचे थेंब, की निळंशार,
मग ते निळं थेंबाथेंबानं पुसत जायचं.
जिथे रंग संपतो, तिथे आकडा.
प्राणवायू: एक पूर्णांक आठ.

फुलवंता माझ्या नळीकडे बघतच नव्हती.
"त्या पाय बोटऱ्या. वरती येऊन आ करून रायल्या.
हे तं मी तुले डोंग्यातूनच सांगतलं असतं."

मग सूक्ष्मदर्शकात तिनं एक डोळा घातला,
दुसरा पदरानं झाकला.
खूप वेळ गप्प.
"एवढुसं हाये, अन् याले बी तोंड?"
तोंडच आहे त्याला, म्हटलं,
बाकी फारसं काही नाही.

दिवस बुडताना दोरी ओढली.
पांढरी आली, काचेला आतून राईएवढे बुडबुडे.
तिच्याशेजारी
सुतळीचं कापलेलं टोक.

"मोहाची समजून नेली असंल कोनी!"
फुलवंता अशी हसली की डोंगा हलला.
मला हसू आलं नाही.
पंधरा तारखेला अहवाल द्यायचा होता,
आणि शिल्लक तेवढी हाती,
खर्च चोरीला गेलेला.

नवव्या दिवशी तिच्याकडे चहाला थांबले,
तर खिडकीत बाटली.
छत्रीचं कापड सोडवलेलं, बूच बाजूला,
आत शेवाळाची एक काडी
आणि बोटरीचं पिल्लू, नखाएवढं,
काचेच्या गोलाईत मधूनच मोठं होणारं.

दारामागे तिचा नातू, चेतेश.
चोरीबद्दल मी काही विचारलंच नाही.
"कापड कायले काढलास?"
"त्याले दिसत नव्हतं न, मॅडम."

अहवालात त्या रकान्यात लिहिलं: नमुना उपलब्ध नाही.
कॉलेजच्या साठा-वहीत
लाल शाईनं:
बाटली, तीनशे मिली, एक. फुटली.