बारा काय?

खणभागात, गिरणीच्या माडीवर
मगदूम सर उत्तर शेवटून वाचायचे.
‘बारा. बारा काय? केळी?’
आणि अर्धा गुण गेलेला असायचा.

खालून हळद दळल्याचा वास,
शिंकत शिंकत आम्ही घात मोजायचो.
डावीकडे वेग, उजवीकडे नुसतं अंतर निघालं
की सर खडू खाली ठेवायचे:
‘आकडे घालूच नका. आधीच चुकलंय.’

एकदा लंबकाचं सूत्र विसरले.
दोरीची लांबी घेतली, g घेतला,
भागलं, वर्गमूळ काढलं: सेकंद!
फक्त दोन पाय राहून गेला.
सर म्हणाले, ‘त्याला मिती नाही,
तो असा सापडायचा नाही.’

ऑगस्टात रात्री आईचा फोन.
‘पुलापाशी चाळीस झालंय.’
‘फूट?’
‘आणि धरणातनं लाख सोडलंय.’
‘लाख काय, आई? क्युसेक?’
‘पाणी गं! पाणी!’

पुण्यातल्या खोलीत, पाठकोऱ्या कागदावर
फूट, क्युसेक, तास मांडत बसले.
एकके जुळली. उत्तर पटेना.
तिच्या आवाजातलं काहीतरी
कुठल्याच बाजूला लिहिता येत नव्हतं.

पिशवी भरली. फोन लावला.
‘निघाले. तासगावकडनं येते. पाच लागतील.’

ती थांबली.
‘पाच काय?’