साठ तोळे

पिस्तूल हातात आलं तसं आधी मनातच वजन केलं.
सवय आहे. साठ तोळे, मॅगझिन रिकामं.
एवढं सोनं एकदम माझ्या तळहातावर
अजून कुणी ठेवलेलं नाही.

मच्छ्याच्या पुढं, माळाच्या पोटाशी
तांबड्या मातीचा बांध, वर निलगिरीची रांग,
शनिवार, सकाळचे आठ.
बिर्जे सुभेदार पत्र्याच्या टेबलावर
पन्नास गोळ्या उभ्या करतात, सुपाऱ्या मांडाव्यात तशा,
आणि कानडीत मोजतात.
पलटणीत हुकूम हिंदीत घेतले, घरी मराठी,
पण हिशेब शाळेतल्या कानडीतच
चुकत नाही म्हणतात.

स्प्रिंग इतकी हट्टी
की पाचवी गोळी सरकवताना नख पांढरं पडलं.
पहिली खाली, डावीकडं.
दुसरी कुठं गेली ते बांधालाच ठाऊक.
तिसरीला अडकलं.
रिकामी पुंगळी तोंडात उभी, बंबाच्या धुराड्यासारखी.

मी भिंग डोळ्याला लावलं.
आत, गोळी चढते त्या उतारावर
केसाएवढी कड, कारखान्यानं विसरलेली.
हात शिवशिवले माझे.
बारीक कानशीचे दोन हात, मग पॉलिशचा बोळा,
बुगडीची नवी फिरकी अशीच तर सैल करते मी.

"कानस लावशील तर बघ," सुभेदार म्हणाले,
"गोळ्याच घासतील त्याला.
अथणीचं पायताण घेतलंस, चावतंय म्हणून
तळ कापतीस काय?
चालायचं. धा-वीस दिवस नुसतं चालायचं.
मग आपसूक पायाचं होतंय."

तेवीस. चोवीस. पुन्हा अडकलं. तेल. पुन्हा.
समोर कागदावर छातीपर्यंतचा माणूस छापलेला,
काळा, बिनचेहऱ्याचा.
नुसत्या वर्तुळांचा नाही का, विचारलं मी.
"संपलाय तो."

घटप्रभेच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरमागं,
त्यानं मला अक्का म्हटलं होतं.
ब्याग कोडु, अक्का.
बसमध्ये खिडकीची जागा मागावी इतक्या हळू.
दिली मी. सोळा जोड कुड्या, गोकाकच्या लग्नातल्या.

लायसनच्या अर्जात कारणाचा रकाना.
कारकुनानं सांगितलं तसं कानडीतून
अक्षर अक्षर काढलं: आत्मरक्षणे.
खाली सही मराठीत. ती त्यानं दोनदा पाहिली.
मग पोलीस गल्लीत विचारून गेले, बाई भांडखोर आहे का.
अष्टेकर काकू म्हणाल्या,
घडणावळीवरनं भांडते, तेवढंच.

एकोणचाळीसनंतर अडकलं नाही.
थांबलं कधी ते कळलंच नाही मला,
कान बंद, तोंडात दारूची कडू चव,
आणि मागून एकच वाक्य परत परत:
"अर्धा श्वास सोड. मग दाब."
शेवटच्या पाच गोळ्या उजव्या खांद्यात,
जुन्या रुपयाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ.
"उजवीकडं वढतीस," सुभेदार म्हणाले,
"छाती धर, छाती."
हो म्हटलं.
मी खांदाच धरला होता.

पुंगळ्या मोजल्या. नलवत्तोंबत्तु.
एक कमी. दोघांनी ओणवं होऊन माती चाळली,
वहीत तसंच लिहिलं.

संध्याकाळी शहापुरात, दुकानात,
रिठ्याच्या पाण्यानं तीनदा हात धुतले.
कंग्राळीची बाई आली, बारा दिवसांचं बाळ,
कान टोचायचे.
"लई दुखंल काय?"
अंगठा ठणकत होता.
कानाची पाळी तिळाच्या फुलाएवढी, ऊन.
अर्धा श्वास सोडला.
तार गेली.

बाळानं दुकान डोक्यावर घेतलं, मी वाकले,
आणि स्वेटरच्या गळ्यातून काहीतरी
ताटलीत टणकन पडलं.
"काय हो हे?" बाईनं विचारलं.
पितळ, म्हटलं,
आणि हात आपसूक काट्याकडं गेला.
अडीच ग्रॅम, वर थोडं.