पाळीची तारीख

दिवसाला तीस-चाळीस बायकांना मी एकच विचारते,
मान वर न करता, रजिस्टरात बघत:
शेवटची पाळी कधी आली होती?
कुणी लाजते, कुणी सासूकडे बघते.
बाळीवेशीतली एक आजी म्हणाली,
"माझी तर बाई, गिरणीच्या भोंग्याबरोबरच बंद झाली."

भिंतीवर पाटी आहे, मराठी, कन्नड, तेलुगू:
गरोदर असाल तर आधी सांगा.
तेलुगू ओळ मीच लिहून दिली होती पेंटरला.
त्यात एक अक्षर चुकलंय.
चार वर्षं झाली, अजून कुणी सांगितलेलं नाही.

परवा पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं.
पहाटे तीनला बादल्या लावून कॅलेंडरसमोर उभी राहिले.
पाण्याचे गोल नऊ.
माझी फुली एकही नाही.

मग मागे मोजत गेले.
हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी तो पोरगा,
यंत्रमागाच्या पट्ट्यात हात गेलेला,
आई बाहेर चक्कर येऊन पडलेली.
मीच धरला त्याचा दंड.
पहिले दोन फोटो हलले, तिसरा बरा आला.
एप्रन होता. खांद्यापाशी चिरलेला तो,
ज्याच्यापुढे वहीत 'नवीन मागविला आहे' लिहून
शाईसुद्धा फिकी झाली.
होता ना? होता.

बॅज मात्र ड्रॉवरमध्ये होता.
निलोफरच्या बॅजचा आकडा जास्त आला तेव्हा
सर म्हणाले, तूच नीट उभी राहत नसशील.
अकरा महिन्यांचं तिचं काँट्रॅक्ट
बारावा महिना न बघताच संपलं.
तेव्हापासून आमचे सगळ्यांचे आकडे चांगले येतात.
दर तीन महिन्यांनी पाकीट जातं, कागद येतो,
माझ्या नावापुढे जवळजवळ शून्य.
ड्रॉवरची तब्येत उत्तम आहे.

अम्माला सांगितलेलं नाही.
ती दारात बसलीय, मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटं आपली आपण चालतात.
माझ्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत रोजच्या हजार विड्या.
जन्मले तेव्हा पावणेदोन किलो,
सुईण म्हणाली, पोरीला जर्द्याचा वास येतोय.
ही गोष्ट अम्मा हसत सांगते.
तिच्या पोटाशी कुणी काही मोजलं नाही.
हजारात तीन विड्या कमी भरल्या
तर मात्र कारखान्यात लगेच कळायचं.

नाव न सांगता पुण्याला फोन केला,
सुरक्षेचं बघणाऱ्या सरांना.
चांगले बोलले. म्हणाले, बहुतेकदा डोस फार कमी असतो,
उगीच घाबरू नका, पण लेखी कळवा,
कळवल्याशिवाय नियम लागू होत नाही.
पोटाशी, एप्रनच्या आत, बॅज लावा.
मग विचारलं, तुमचं शेवटचं रीडिंग किती?
मी फोन ठेवला.

आज बेचाळीस डिग्री.
अर्जावर 'विषय' लिहून पुढे दोन टिंबं दिली,
आणि तिथेच थांबलेय.
बॅज कमरेला लावलाय. टोचतो.

अकराला एक मुलगी आली, चादरीच्या कारखान्यातली,
केसांत कापसाचं भुसकट, पाठ धरलेली.
विचारलं. म्हणाली, "काय की मॅडम, ध्यानात नाही."
अशा वेळी मी तारीख माझ्या मनाने लिहायचे,
रांग मोठी असते.
आज पेन खाली ठेवलं. म्हटलं, आधी लघवी तपासून ये.
"अर्धा रोज कापतात मॅडम."
म्हटलं, माहितेय.

ती गेली नाही. बाकावर बसून राहिली.
मीही जाऊन बसले शेजारी.
दारावरचा लाल दिवा बंद,
रांगेतून कुणीतरी ओरडतंय, काय चाललंय आत,
मशीन बिघडलं का?